बाजाराचे भविष्य जरूर छापा, पण शेजारी मागच्या आठवड्याचा निकालही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत राशिभविष्याच्या खाली शेअर बाजाराचे साप्ताहिक ग्रहमान छापून येते. गेले वर्षभर मी ते दर आठवड्याला कात्रीने कापून वहीत चिकटवते आहे. डाव्या पानावर कात्रण आणि उजव्या पानावर पुढच्या शुक्रवारी निर्देशांक कुठे बंद झाला तो आकडा. गेल्या रविवारी ५२ कात्रणे पूर्ण झाली, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी ३१ वर्षे हिशोब तपासनीस म्हणून नोकरी केली. समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी आधी व्हाउचर मागायचे, ही सवय त्या कामाने लावली. ज्योतिषाशी माझे भांडण नाही. कुणाची श्रद्धा असेल तर ती त्याच्यापाशी राहो. मला फक्त ताळा करायचा होता: किती अंदाज बरोबर, किती चूक.

ताळा जमलाच नाही. निम्म्याहून जास्त कात्रणांसमोर मला ना बरोबरची खूण करता आली, ना चुकीची. नमुना म्हणून त्यातले एक देते: 'पूर्वार्धात बुध-शनी केंद्रयोगामुळे बाजारावर दबाव राहील, मात्र गुरूची शुभ दृष्टी असल्याने मोठी पडझड टळेल. उत्तरार्धात निवडक शेअरमध्ये तेजी संभवते. गुंतवणूकदारांनी सावध राहावे.' आता हे सावकाश वाचा. बाजार पडला, तर दबाव होताच. थोडाच पडला, तर गुरूने वाचवले. वर गेला, तर उत्तरार्ध लागला. निवडक शेअरचे म्हणाल तर सगळा बाजार लाल असतो त्या दिवशीही काही शेअर हिरवे असतातच. आणि काहीच हलले नाही, तर आपण सावध राहिलो. असे वाक्य चुकूच शकत नाही. जे चुकू शकत नाही ते तपासताही येत नाही, आणि तपासता न येणारी नोंद मी नोकरीत असताना कधी पास केली नाही.

ज्यांना खूण करता आली त्यांतही एक मोठी मेख होती. अमावास्या-पौर्णिमेचे घ्या. 'अमावास्येच्या आसपास घसरण', 'पौर्णिमेच्या सुमारास उलटफेर' अशी वाक्ये वहीत जागोजागी आहेत. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. अमावास्येच्या मागचे तीन दिवस, पुढचे तीन आणि ती स्वतः, असे सात. पौर्णिमेचे तसेच सात. म्हणजे साडेएकोणतीसपैकी चौदा दिवस 'आसपास' या एका शब्दात मावतात. कोणतीही घसरण घ्या, ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सापडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. वक्री बुधाचेही तेच. बुध वर्षातून तीनदा, कधी चारदा वक्री होतो, म्हणजे आकाशात उलटा चालताना दिसतो, आणि दर वेळी सुमारे तीन आठवडे तसा राहतो. काही मंडळी त्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन आठवडेही प्रभावाचे धरतात. तीनदा सात म्हणजे एकवीस आठवडे झाले. बावन्नपैकी एकवीस आठवडे ज्याच्यावर खापर फोडता येते, तो बुध बिचारा काय करणार!

चंद्राबद्दल एक खरी गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर माझीच तपासणी एकतर्फी होईल. २००६ मध्ये ४८ देशांच्या शेअर बाजारांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमावास्येच्या आसपासच्या दिवसांचा परतावा पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांपेक्षा वर्षाकाठी तीन ते पाच टक्क्यांनी जास्त आढळला. अमावास्येला घाबरून शेअर विकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे, कारण निष्कर्ष त्यांच्या समजुतीच्या नेमका उलट आहे! आणि फरक इतका थोडा आहे की दर पंधरा दिवसांनी खरेदी-विक्री करणाऱ्याचा तो दलाली आणि कर यांतच जिरायचा. शिवाय असा नियम सगळ्यांना कळला की तो टिकत नाही. अमावास्येला बाजार वाढतो हे पक्के ठरले, तर लोक चतुर्दशीलाच खरेदी करतील. चतुर्दशीला भाव चढतो हे दिसले की त्रयोदशीला, मग द्वादशीला. भाव आधीच चढून बसलेला असेल आणि अमावास्येच्या वाट्याला काही उरणार नाही.

हे सगळे मी नुसत्या हौसेने केलेले नाही. माझे धाकटे दीर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हातात रक्कम आली आणि त्याच सुमारास मोबाइलवर एका सल्लागाराचा ग्रुप मिळाला. हे गृहस्थ ग्रहांवरून बाजार सांगत आणि वर गॅनची गणिते शिकवत. विल्यम गॅन हा अमेरिकन सट्टेबाज १८७८ ते १९५५ या काळात होऊन गेला. भाव आणि काळ यांचे कोन, वर्तुळे, ग्रहांच्या गती यांवरून बाजाराची वळणे सांगता येतात, असे तो म्हणे. त्याचा 'नवाचा चौरस' प्रसिद्ध आहे. मधोमध एक लिहायचा आणि भोवती गोगलगाईच्या शंखासारखे आकडे मांडत जायचे. पहिला वेढा ९ वर पुरा होतो, दुसरा २५ वर, तिसरा ४९ वर.

भाऊजींच्या टेबलावर मी तो पाहिला. चार आलेखकागद डिंकाने जोडलेले, मधल्या एकापासून आठ दिशांना लाल पेनने ओढलेल्या आठ रेषा, आणि कोपऱ्यात कंपासचे टोक रुतून पडलेले भोक.

"वहिनी, हे बघा," ते म्हणाले, "मार्चचा तळ आणि हा वरचा आकडा, दोन्ही एकाच रेषेवर."

"आणि गेल्या बुधवारचा?"

"तो नव्वद अंशांवर. केंद्रयोग."

"सोमवारचा?"

"समोरासमोर. प्रतियोग झाला ना तो."

"आणि मंगळवारचा तर कुठेच नाही."

"थोडं इकडेतिकडे चालतं."

मी कोनमापक मागितला. 'इकडेतिकडे' म्हणजे रेषेच्या दोन्ही अंगांना दहा-दहा अंश, असे त्यांच्याच तोंडून कबूल करून घेतले. आठ रेषा, प्रत्येकीचे वीस अंश, म्हणजे एकूण १६० अंश. ३६० पैकी १६० अंश रेषांनीच व्यापलेले. त्या चौरसावर डोळे मिटून बोट ठेवले तरी दहातले चार-साडेचार वेळा ते 'रेषेवर' पडेल. आणि मुळात त्या चौरसात सगळेच आकडे आहेत, एकापासून पुढे एकही न गाळता! निर्देशांक त्याच्या बाहेर जाणार कुठे? १, ९, २५, ४९ हे विषम संख्यांचे वर्ग एकाच तिरक्या ओळीत येतात, हे खरेच सुंदर आहे, पण ते सौंदर्य अंकांचे आहे, बाजाराने त्यात काही घातलेले नाही.

भावाच्या आलेखावर तळापासून चढती काढायची, त्या गॅनच्या ४५ अंशांच्या रेषेचीही अशीच कथा. भाव या रेषेच्या वर असेल तोवर तेजी, खाली गेला की मंदी. मी दुसरा आलेखकागद घेतला. त्यांनी आलेखाच्या एका उभ्या घराला निर्देशांकाचे दहा अंक धरले होते, मी वीस धरले. भाव तेच, तारखा त्याच; पण ४५ अंशांची रेषा आता भावाच्या वरून गेली आणि तेजीची मंदी झाली. भाऊजी बराच वेळ दोन्ही कागद एकावर एक ठेवून पाहत राहिले. त्या दिवशी मला वाटले, यांना पटले.

पटले नव्हते, कारण त्यांच्या मोबाइलमध्ये माझ्या कागदापेक्षा जास्त वजनदार पुरावा होता. त्या सल्लागाराने त्यांना लागोपाठ पाच आठवडे 'वर' किंवा 'खाली' एवढाच एका शब्दाचा संदेश पाठवला होता आणि पाचही बरोबर निघाले होते. सहाव्या वेळी त्यांनी निवृत्तीच्या रकमेतला मोठा हिस्सा ऑप्शनमध्ये, म्हणजे ठरल्या मुदतीत बाजार हव्या त्या दिशेला गेला तरच पैसे देणाऱ्या सौद्यांत, घातला. बाजार उलटा गेला, गुरुवारी मुदत संपली आणि ऑप्शनची किंमत शून्य झाली. विचारले तेव्हा सल्लागाराचे उत्तर आले: बाजाराचे ग्रह बरोबरच होते, तुमच्या पत्रिकेत राहू आडवा आला. नंतर त्यांचा नंबर लागेनासा झाला.

भाऊजींनी हे घरात कुणालाच सांगितले नाही. एका दुपारी काँट्रॅक्ट नोटांनी, म्हणजे दलालाने दिलेल्या सौद्यांच्या पावत्यांनी, भरलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, एवढी बेरीज करून द्या, माझ्याच्याने होत नाही." मी तारखेनुसार नोटा लावल्या, दलाली आणि कर वेगळ्या रकान्यात काढले आणि खाली बेरीज लिहिली. त्यांनी ती वाचली, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. बोलले काहीच नाहीत.

आता त्या पाच बरोबर संदेशांविषयी. हे आपल्या प्रत्येक वाचकाला कळावे अशी माझी फार इच्छा आहे. समजा १०२४ मोबाइल नंबर गोळा केले. निम्म्यांना 'वर' पाठवले, निम्म्यांना 'खाली'. आठवड्याअखेर ५१२ जणांना बरोबर संदेश गेलेला असतो. चुकीचा गेलेल्यांना विसरायचे आणि या ५१२ जणांचे पुन्हा दोन भाग करायचे. २५६, १२८, ६४, आणि पाचव्या आठवड्याला ३२. या ३२ माणसांनी आयुष्यात असा अचूक ज्योतिषी पाहिलेला नसतो. पाठवणाऱ्याला बाजाराचे काडीचे ज्ञान लागत नाही, पंचांगही लागत नाही. भाऊजींच्या बाबतीत नेमके हेच झाले का, याचा कागद माझ्याजवळ नाही आणि कागदाशिवाय मी आरोप करत नाही. पण पाच बरोबर उत्तरे हा पुरावा होऊ शकत नाही, एवढे या आकडेमोडीवरून पक्के आहे. बाकीच्या ९९२ जणांना काय सांगितले होते, ते आधी दाखवा.

ग्रहांकडे पाहून बाजार सांगण्याच्या मोहात शिकलेली माणसेही पडली आहेत. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७० च्या दशकात सूर्यावरच्या डागांचा आणि व्यापारी संकटांचा संबंध लावला. सूर्यावरून हवामान, हवामानावरून पीक, पिकावरून भाव आणि भावावरून व्यापार, अशी ती साखळी. कल्पना वेडगळ नव्हती. पण डागांचे चक्र त्यांनी आधी अकरा वर्षांहून थोडे जास्त धरले, ते संकटांशी जुळेना. मग सुमारे साडेदहा वर्षांचा नवा आकडा पुढे आला, तो जुळला आणि त्यांनी तो उचलला. ताळा जमावा म्हणून बदललेला आकडा दिसला की आम्ही त्याखाली लाल रेघ मारत असू. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या हेन्री मूर यांनी १९२३ मध्ये आठ वर्षांच्या आर्थिक चक्राचे मूळ शुक्रात शोधले. आणि ओहायोचे शेतकरी सॅम्युएल बेनर! १८७३ च्या मंदीत ते धुळीला मिळाले आणि १८७५ मध्ये त्यांनी भावांची भाकिते सांगणारे पुस्तक काढले. डुकरे, मका आणि कच्चे लोखंड यांच्या भावांवरून बसवलेले ते चक्र आज लोक शेअर घेण्यासाठी मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. मलाच ते तीनदा आले.

लाटांचा सिद्धांत मांडणारे राल्फ इलियट तर माझ्याच पेशातले, हिशोबनीस. पाच लाटा वर, तीन खाली, आणि त्यांचे प्रमाण फिबोनाचीच्या आकड्यांत, म्हणजे १, १, २, ३, ५, ८ अशा मागच्या दोहोंच्या बेरजेने वाढणाऱ्या मालिकेत. शेवटी शेवटी ते गिझाच्या पिरॅमिडपर्यंत पोहोचले. फिबोनाचीने १२०२ मध्ये सशांच्या जोड्या मोजताना दिलेले हे आकडे आपल्याकडे त्याआधीच हेमचंद्राने छंदातल्या लघु-गुरूंची मांडणी मोजताना दिले होते. आकडे थोर आहेत, यात वाद नाही. पण त्यांच्या नावाने भावाच्या तक्त्यावर २३.६, ३८.२, ५०, ६१.८ आणि ७८.६ टक्क्यांच्या पाच रेघा मारल्या, तर भाव वर-खाली जाताना कुठल्यातरी रेघेजवळ थबकणारच. मेणबत्तीच्या आकृत्यांवर मात्र मी बोट ठेवणार नाही. दिवसाचा पहिला, शेवटचा, सर्वात वरचा आणि सर्वात खालचा भाव एका चित्रात दाखवण्याची ती स्वच्छ रीत आहे.

ग्रहांच्या गतीचे गणित न्यूटनइतके कुणाला कळले होते? १७२० मध्ये इंग्लंडमधल्या साउथ सी कंपनीच्या शेअरमध्ये ते आधी नफा घेऊन बाहेर पडले होते. भाव चढतच राहिला, तेव्हा ते वरच्या भावात परत शिरले आणि मोठ्या नुकसानीत गेले. गुरू-शनीच्या युतीचेही मी पडताळून पाहिले. ती साधारण वीस वर्षांनी होते. मे २००० मध्ये झाली, त्यानंतर अमेरिकेत संगणक कंपन्यांचे शेअर वर्षा-दोन वर्षांत कोसळले. डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा झाली आणि पुढचे अख्खे वर्ष बाजार चढत राहिला. तेच ग्रह, तीच युती.

आणि नुसते जुळते म्हणून विश्वास ठेवायचा, तर लोण्यावरही ठेवावा लागेल. डेव्हिड लाइनवेबर या अमेरिकन अभ्यासकाने मुद्दाम दाखवले की दशकभराच्या काळात अमेरिकेच्या 'एस अँड पी ५००' निर्देशांकातला ७५ टक्के चढउतार बांगलादेशातल्या लोण्याच्या उत्पादनावरून 'समजावता' येतो. अमेरिकेतले चीज आणि दोन्ही देशांतल्या मेंढ्या मिळवल्या की ९९ टक्के! हे थट्टा म्हणून केले आहे, असे सांगूनही लोक त्यांना लोण्याचे ताजे आकडे विचारत राहिले. हे वाचून मी मोठ्याने हसले आणि मग मला भाऊजींची पिशवी आठवली. हाँगकाँगची एक दलाली संस्था १९९२ पासून बरीच वर्षे चिनी नववर्षाला फेंगशुईवरून निर्देशांक काढत असे, पण तो गमतीचा आहे हे ती लपवत नसे. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने शेअर निवडण्याची वर्षभराची स्पर्धा लावली. ऑर्लँडो नावाचे मांजर खेळण्यातला उंदीर आकड्यांच्या चौकटींवर टाकायचे आणि ज्या चौकटीवर तो पडेल त्या कंपनीचा शेअर घ्यायचा. पाच हजार पौंडांचे मांजराकडे ५,५४२ झाले, व्यावसायिकांकडे ५,१७६. मला त्यात सर्वात आवडले ते हे की त्या वृत्तपत्राने शेवटचा आकडा छापला, स्वतःच्या तज्ज्ञांची बाजू पडती असताना छापला.

माझी मागणी एवढीच आहे. ग्रहमानाची चौकट बंद करा, असे मी म्हणत नाही. पण अंदाजात एक आकडा असू द्या आणि एक तारीख असू द्या. 'शुक्रवारी निर्देशांक आजच्यापेक्षा वर बंद होईल' इतके साधे वाक्यही पुरे. आणि शेजारी एका ओळीत मागच्या रविवारच्या अंदाजाचे काय झाले ते, आणि वर्षभरात किती बरोबर, किती चूक. ज्यांचा आपल्या शास्त्रावर भरवसा आहे त्या ज्योतिषांना ही ओळ नकोशी वाटू नये. अर्थविषयक पानावरच्या तज्ज्ञांच्या 'लक्ष्य' भावांनाही हीच ओळ लावा, कारण ग्रह न पाहताही माणूस जबरदस्त चुकतो. येल विद्यापीठाचे अर्व्हिंग फिशर यांनी ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरचे भाव कायमच्या उंच पठारावर पोहोचल्याचे सांगितले आणि दोन आठवड्यांच्या आत बाजार कोसळला.

या कामाला जागा फार लागणार नाही. रकाने कसे आखायचे ते हवे असेल, तर माझी वही मी आपल्या कार्यालयात आणून देईन. भाऊजीही आता दर शुक्रवारी संध्याकाळी फोन करून बंद भाव मला सांगतात आणि उजव्या पानावर तो मी त्यांच्या आवाजात ऐकूनच लिहिते. या रविवारच्या अंकात 'संमिश्र कल, गुरुवारनंतर दिशा स्पष्ट होईल' असे आहे. त्रेपन्नावे कात्रण चिकटवले आहे, निकालाचा रकाना अजून कोरा आहे.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त हिशोब तपासनीस